अंगावर उठणारी झाडं आणि आमचे कुत्रे: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

अकरावीच्या जीवशास्त्राच्या मुलांबरोबर या वर्षी हाच विषय घेतला आहे. सत्तरीतल्या कोणत्या झाडांमुळे कुत्र्याच्या कातडीला त्रास होतो, कोणत्या महिन्यात, अंगाच्या कोणत्या भागावर, आणि डॉक्टरकडे नेईपर्यंत घरच्यांनी काय करायचं. शेवटी एक मोठा तक्ता करून गुरांच्या दवाखान्यात आणि वाचनालयात लावायचा.

मुलांनी इंटरनेटवरून आणलेल्या पहिल्याच कागदावर पॉयझन आयव्ही आणि पॉयझन ओक होते. ही उत्तर अमेरिकेतली झाडं, वाळपईच्या रानात कुणाला दिसायची नाहीत. पण कागद फेकून दिला नाही. त्या झाडांचं कुळ ॲनाकार्डिएसी, आणि त्या कुळातली मंडळी आपल्या दारात आहेत: आंबा, काजू, बिब्बा. मुलांना हे सांगितल्यावर वर्गात जी कुजबूज झाली, तिच्यावरूनच कळलं की विषय बरोबर निवडला आहे.

नोंदीसाठी छापील फॉर्म केला. त्यावर कुत्र्याची दोन चित्रं, एक पाठीवरून आणि एक उताण्या कुत्र्याचं. उताणं चित्र मुद्दाम मोठं ठेवलं. पाठीवर, कुशीवर दाट केस असतात, झाडाचा चीक किंवा कूस, म्हणजे टोचणारी बारीक लव, तिथे कातडीपर्यंत सहसा पोचत नाही. पोचते ती पोटावर, जांघेत, काखेत, नराच्या अंडकोषावर, बोटांच्या मधे, हनुवटीला, ओठांना आणि कानाच्या आतल्या बाजूला. म्हणून घरच्यांना पहिला प्रश्न "खाज आहे का?" असा न विचारता "उताणा करून बघितला का?" असा विचारायचा, हे ठरवून टाकलं.

२६ जानेवारी

खाजकुयली. सध्या हिचेच दिवस. शेंगा वाळून सोनेरी तपकिरी झाल्या आहेत आणि दुपारचा वारा सुटला की कूस उडते. बेणणीसाठी भाटात, म्हणजे बागेत, गेलेल्या माणसांबरोबर कुत्रेही जातात, झुडपातून घुसतात आणि परत येतात ते जमिनीवर तोंड घासत.

या कुशीत म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं. कूस कातडीत रुतली की ते मज्जातंतूंच्या टोकांना थेट डिवचतं. ही खाज हिस्टामिनच्या वाटेने येत नाही, म्हणून ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. घरात कुणासाठी तरी आणलेली गोळी कुत्र्याला देऊन वाट बघत बसलेली घरं या फॉर्मांमध्ये दिसताहेत. तक्त्यावर खाजकुयलीखाली औषधाच्या आधी हे लिहायचं: चोळू नका. चोळलं की कूस आणखी आत जाते. चिकटपट्टी हलक्या हाताने लावून उचला, ती पट्टी टाका, नवी घ्या, आणि मगच भरपूर पाणी ओता. हातात मोजे हवेतच, नाहीतर कुत्र्याचं निभावेल आणि माणूस रात्रभर जागेल.

कुत्र्याने पाय चाटले की कूस जिभेला लागते आणि लाळ गळायला लागते. असं कुत्रं पिसाळलं असं समजून काठी घेतलेलीही एक नोंद आहे. लाळ म्हणजे पिसाळणंच असं नाही, आणि लाळ गळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही. तक्त्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लागतील.

९ फेब्रुवारी

गाजर गवत. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं आणि देशभर पसरलं, आता आमच्या रस्त्याकडेलाही आहे. माणसांच्या पापण्यांवर, मानेवर उठणारी ॲलर्जी यामुळे होते हे पक्कं. कुत्र्यांच्या फॉर्मांत मात्र अजून काही नाही. तक्त्यावर छोटं चित्र, बस्स.

२ मार्च

काजूचा हंगाम भरात आहे. सकाळी भाटात गेलं की बोंडांचा वास गळ्याशी येतो.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड आता इथलंच झालं आहे, आणि इथल्या माणसाला त्याची ताकद पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बीच्या कवचात दोन थरांच्या मधे जाळीदार भाग असतो, त्यात तेल भरलेलं असतं. ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही त्यातली जाळणारी द्रव्यं. ओले काजू सोलणाऱ्या बायकांची बोटं बघितली की हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्या हाताला खोबरेल आणि राख लावून बसतात.

कुत्र्याचं काय? मुलांनी आणलेल्या फॉर्मांत दोन प्रकार सारखे दिसतात. एक, पिल्लू बी चावतं आणि ओठ, हिरड्या सोलवटतात. दोन, अंगणात वाळत घातलेल्या बियांवर कुत्रं ऊन खात पसरतं आणि पोटावर लाल चट्टे उठतात. धड वाळलेल्या, अखंड बीतून तेल बाहेर येत नाही, पण राशीत फुटक्या बिया असतातच. यावर उपाय साधा आहे: राशीभोवती जुनं मासेमारीचं जाळं. एका विद्यार्थिनीच्या घरी गेल्या आठवड्यात लावलंसुद्धा.

बोंडाचा रस कातडीला तेलासारखा बाधत नाही. पण बोंडं तुडवायच्या जागेजवळ, इथे तिला कोळंबी म्हणतात, साठलेला, आंबायला लागलेला रस आणि चोथा कुत्र्यांना आवडतो, आणि त्यातली दारू कुत्र्याला माणसापेक्षा फार कमी मात्रेत चढते. कातडीचा विषय नाही, तरी तक्त्याच्या कोपऱ्यात ही ओळ घेणार आहे. फेणीच्या भाटीवरच्या माणसांना ती पटते.

१६ मार्च

शिगमो नुकताच झाला. वर्गातल्या एका मुलाने आजीच्या हातांचा फोटो दाखवला. दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, कोपरापर्यंत फोड, काहींत पाणी भरलेलं. घरी नागीण म्हणून उतारा झाला होता. नागीण शरीराच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात उठते. हे दोन्ही हातांना सारखं होतं, म्हणून आरोग्य केंद्रात दाखवायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी झाडाच्या चिकाचा त्रास असल्याचं सांगून औषध दिलं.

आजी मात्र ठाम. "मी रानात पाऊल टाकलेलं नाही रे बाबा. गुडघे धरलेत माझे. मी या खळ्यात बसून असते, आणि हा मोती माझ्यापाशी."

मोतीला काहीच झालेलं नव्हतं. शेपटी हलवत फिरत होता.

२३ मार्च

आज मुलांसह त्या घरी गेलो. आजीची परवानगी घेऊन मोतीला उताणा केला. पोट स्वच्छ. मग अंगावरचे केस विंचरून बघितले, आणि उजव्या कुशीवर केसांची टोकं काळी, चिकट, एकमेकांना धरलेली सापडली. डांबर लागावं तशी. ते डांबर नव्हतं.

घरामागच्या कुंपणालगत गेल्या महिनाअखेरीला तोड झाली होती. तोडलेल्यात रानबिब्बा होता, होलिगार्ना, पश्चिम घाटातलंच झाड. बुंध्यावर चीक सुकून काळा झालेला, आणि कुत्र्याच्या उंचीला, जिथे अंग घासायला बरं पडतं तिथे, केस चिकटलेले. मोती रोज तिथे पाठ खाजवून येतो आणि येऊन आजीच्या मांडीला टेकतो. आजी त्याच कुशीवरून हात फिरवते.

संपूर्ण प्रकल्पात याहून महत्त्वाचं काही हाती लागेल असं वाटत नाही. या कुळातल्या झाडांचा चीक कुत्र्याच्या कातडीपर्यंत सहसा पोचत नाही, केसांवर राहतो. कुत्रं ठणठणीत असतं आणि घरातलं जे माणूस त्याच्यावर सगळ्यात जास्त माया करतं त्याच्या अंगावर उठतं. पॉयझन आयव्हीच्या मुलखातही कुत्रे असंच तेल घरी आणतात. म्हणजे मुलांच्या त्या पहिल्या कागदातली गोष्ट इथल्या झाडांना लागू पडली.

मुलांचा प्रश्न रास्त होता: चीक तर वाळलेला होता, मग? त्यांना धोब्याच्या खुणांची हकिकत सांगितली. बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करायची आपल्याकडे जुनी रीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, गणवेशावरची खूण जिथे टेकायची नेमक्या तिथे, पुरळ उठायचं. १९४३ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी ते नोंदवून ठेवलं आहे. कपडा धुतलेला, खूण वाळलेली, वर इस्त्री फिरलेली, तरी अंगाला लागायची ती लागायचीच. पॉयझन आयव्ही आधी बाधलेल्यांचं शरीर हे द्रव्य ओळखून होतं. आजीचंही तसंच असावं, तरुणपणी काजू सोलण्यात तिचे हंगामच्या हंगाम गेले आहेत. एकदा शरीराने ओळख धरली की पुढच्या खेपेला एक-दोन दिवसांत फोड येतात. आणि म्हणूनच कशामुळे झालं ते माणसाच्या ध्यानात येत नाही, मधे दोन रात्री गेलेल्या असतात.

मोतीला तिथेच धुतला. लांब रबरी मोजे, कोमट पाणी, भांडी घासायचा पातळ साबण, मग पुन्हा साबण. तेलकट चीक नुसत्या पाण्याने निघत नाही. आजी खोबरेल लावायला सांगत होती. खोबरेलाने चीक सुटतो हे खरं, पण सुटून पसरतो. लावलंच तर लगेच साबणाने पूर्ण काढायला हवं, तसाच ठेवायचा नाही. फार चिकटलेली टोकं कात्रीने कापली. गळ्यातला पट्टा, बसायचं गोणपाट, आजीच्या मांडीवरची गोधडी, सगळं वेगळं धुवायला काढलं. पट्टा विसरला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. बुंध्यावर मुलाच्या काकांनी काटेरी फांद्या लावल्या. तोडलेली लाकडं जाळू नका हेही सांगितलं, या चिकाचा धूर छातीत गेला तर फार वाईट.

निघताना आजी म्हणाली, "म्हणजे माझ्या मोतीला काही नाही ना?" हातांना फडकी बांधलेली, आणि विचारलं ते हे.

१३ एप्रिल

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी आमचे फॉर्म चाळले. त्यांचं म्हणणं मुलांनी जपून ठेवावं असं आहे: खाजवणाऱ्या कुत्र्यांत झाडामुळे खाजवणारे थोडेच, बाकी पिसवा, गोचीड, खरूज, बुरशी. झाडाचं नाव घेण्याआधी ही चार दारं ठोठवायची.

आमच्याच एका फॉर्ममधला कुत्रा याचं उदाहरण निघाला. घरच्यांनी सगळा दोष कुंपणावरच्या वेलीला दिला होता. मॅडमनी चित्र बघितलं: कानांच्या कडा, पुढच्या पायांची कोपरं, मागचे गुडघे, आणि घरातल्या दोन मुलांनाही खाज. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, खरजेचे किडे. उपचार सुरू झाले. वेल तोडून काही झालं नसतं.

त्यांनी मुलांना जागांवरून अंदाज बांधायला शिकवलं. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर खाज, तर पिसवा. कानाच्या कडा, कोपरं, तर खरूज. पोटाचा उघडा भाग आणि जिथे केस सुरू होतात तिथे रेघ मारल्यासारखी थांबलेली लाली, तर अंगाला काय लागलं ते शोधा. वंशानेच ॲलर्जी असलेली कुत्रीसुद्धा पंजे आणि काखा खाजवतात, म्हणून नुसती जागा बघून भागत नाही, महिना आणि कुत्रं बसतं कुठे हेही बघावं लागतं. फॉर्मवर "दुपारी कुठे झोपतो?" हा रकाना वाढवला.

११ मे

शेराचं कुंपण. गुरं आत येऊ नयेत म्हणून लावलेलं, फांदी मोडली की पांढरा चीक उडतो. मांजराच्या मागे घुसलेल्या एका कुत्र्याचा डोळा मिटला. घरच्यांनी लगेच नळाखाली धरला, पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडत राहिले आणि त्याच सकाळी डॉक्टरकडे नेला. डोळा वाचला. निवडुंग, शेर, रुई, या तिन्हींच्या चिकाचं कातडीपेक्षा डोळ्याला वावडं मोठं. दुखणं काही तासांनी वाढतं, त्यामुळे सुरुवातीला बरं दिसलं तरी थांबायचं नाही. तक्त्यावर डोळ्याचा चौकोन लाल रंगात.

मानकुराद आंब्याचे दिवस. देठाचा चीक हनुवटीला लागून एका पिल्लाला फोड आले. पण आंब्याच्या दिवसांत कुत्र्यांना खरा धोका कोयीचा, आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियाच.

१ जून

पाऊस या वर्षी मेअखेरीसच आला. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, तेरं (रानटी अळू), रान सुरण, सगळं जमिनीतून वर येतंय. या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की ते तोंडात घुसतात. स्वयंपाकघरात आंबाडे किंवा आमसूल घातल्याशिवाय तेऱ्याची भाजी कुणी करत नाही, ते याच खाजेसाठी. कुंडीतलं डिफेनबेकिया आणि मनी प्लांट याच प्रकारचे, शहरातल्या फ्लॅटमध्येही असतात. तोंड धुवायचं, थोडं दूध किंवा दही द्यायचं, सूज घशाकडे जाताना दिसली, श्वास अडतोय असं वाटलं तर लगेच डॉक्टर.

२२ जून

मुलं आता बारावीत. तरी शनिवारी येतात.

साखळी शहराकडच्या एका घरातल्या पांढऱ्या कुत्रीचं पोट पावसाळ्यात दर वर्षी लाल होतं. "दुपारी कुठे झोपते?" या रकान्यात लिहिलं होतं: तुळशीमागच्या जांभळ्या झाडात. ते झाड म्हणजे ट्रॅडेस्कॅन्शिया, नर्सरीवाले पर्पल हार्ट म्हणून देतात. मऊ, रसाळ खोडं, अंग टेकलं की चुरगळतात आणि रस थेट पोटाला लागतो. ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यांना या कुळातल्या वेलींचा त्रास चांगलाच परिचयाचा आहे. कुत्र्यांच्या पोटावर आणि पंजांवर उठणारी ही खरी ॲलर्जी.

मॅडमच्या सल्ल्याने परीक्षा घेतली. तो कोपरा जाळीने बंद, दहा दिवस. लाली उतरली. मग त्यांच्या देखरेखीखाली कुत्रीला थोडा वेळ तिथे बसू दिलं. दोन दिवसांत पोट पुन्हा लाल. आता संशय राहिला नाही. त्या घरच्या वहिनींनी ती झाडं त्याच संध्याकाळी उपटली, हातमोजे घालून, आणि तिथे दूर्वा लावल्या. एवढ्या वर्षांची इंजेक्शनं, आणि कारण तुळशीच्या मागे होतं. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही भरून आलं.

२० जुलै

तक्त्याचा मजकूर पक्का करतोय. काही गोष्टींवर वाद झाला.

घाणेरी घ्यायची का? गुरांनी तिचा पाला खाल्ला की यकृत बिघडतं, रवंथात हरितद्रव्यापासून तयार होणारं द्रव्य रक्तात साचतं आणि उन्हात नाकपुडीची, सडांची कातडी जळते. कुत्रं पाला खाऊन रवंथ करत नाही. म्हणून घाणेरी कुत्र्यांच्या तक्त्यातून काढली. दवाखान्यात गुरांचीच माणसं जास्त येतात, त्यांच्यासाठी वेगळा कागद करू.

औषधांचा चौकोन मॅडमनी स्वतः लिहिला. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याला अजिबात नाही: पोटात व्रण, मूत्रपिंडाला इजा. झिंकचं मलम आणि कॅलामाइन लावलं की कुत्रं चाटतं, आणि झिंक पोटात गेलेलं चांगलं नाही. टी ट्री ऑइल, रॉकेल, टर्पेंटाइन, कशालाच हात लावायचा नाही. चाटू नये म्हणून गळ्यात कोन. तोंड सुजलं, अंगभर गांधी उठल्या, उलट्या होऊ लागल्या, श्वास लागला, तर धुण्यातही वेळ घालवायचा नाही.

सगळ्यात वर कोणतं चित्र, यावर मुलांचं एकमत झालं: उताणा कुत्रा, आणि त्याच्या शेजारी केसांवर फिरणारा माणसाचा हात.

१७ ऑगस्ट

तक्ते छापून आले. गुरांचा दवाखाना, वाचनालय, आणि मुलांच्या आग्रहाने आरोग्य केंद्रही, कारण फोड आलेलं माणूस तिथे जातं. केंद्रातल्या डॉक्टरांनी तो बाह्यरुग्ण खोलीत लावला आहे आणि हाताला फोड घेऊन येणाऱ्याला "घरात कुत्रा आहे का?" असं विचारणार आहेत.

दहा दिवसांवर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला घराघरांतली माणसं रानात जातील, कवंडळं, कांगलां शोधत झाडाझुडपांत शिरतील, कुत्रे पुढे धावतील. म्हणून एक छोटी पट्टी वेगळी छापून बाजारात वाटतोय. तिच्यावर एवढंच: रानातून आलेला कुत्रा आधी मोरीवर, मग माजघरात, मोजे घाला, साबण दोनदा, पट्टाही धुवा. रानबिब्ब्याच्या पानाचं आणि काळ्या पडलेल्या चिकाचं चित्र मागच्या बाजूला.

माटोळीनंतरच्या आठवड्यातले फॉर्म गोळा करायचं काम बारावीतल्या दोघींनी घेतलं आहे.